रेंज फुल, नेट गुल!

मराठी माणूस फोनवर सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द बोलतो? ‘हॅलो’! आणि तोही एकदा बोलून थांबत नाही. ‘हॅलो... हॅलो... हां बोल... अरे आवाज तुटतोय तुझा... थांब, गॅलरीत येतो... आता येतोय? ...हॅलो?’ पाच मिनिटांच्या कॉलमधली दोन मिनिटं या रंगीत तालमीतच जातात. उरलेल्या तीन मिनिटांत कामाचं बोलून होतंय न होतंय तोच टूं टूं टूं... गेला कॉल!

मग दुसऱ्या दिवशी ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग घेता घेता विषय निघतोच. ‘च्यायला, वैताग आलाय या नेटवर्कचा. बेस्ट कुठलं रे?’ पाच जणांचा ग्रुप असेल तर पाच उत्तरं येतात. एक म्हणतो, डोळे मिटून जिओ घे. दुसरा म्हणतो, एअरटेलशिवाय पर्याय नाही बॉस. तिसरीकडे व्हीआय आहे आणि तिला कधी त्रासच झालेला नाही. चौथा गावाकडचा. तो शपथेवर सांगतो, की त्याच्या वाडीत फक्त बीएसएनएल लागतं. पाचवीला काही पडलेलीच नाही, ती दिवसभर ऑफिसच्या वाय-फायवर असते.

गंमत म्हणजे पाचही जण खरं बोलत असतात. कारण त्यांतला प्रत्येक जण कंपनीबद्दल बोलतोय असं वाटत असलं, तरी तो खरं तर स्वतःच्या घराबद्दल, स्वतःच्या लोकलबद्दल आणि स्वतःच्या डेस्कबद्दल बोलत असतो. आणि तुमचं घर तर यांच्यापैकी कुणाच्याच घरात नाही!

तेव्हा मंडळी, या आठवड्याचा विषय हाच. नेटवर्क निवडायचं कसं? आणि निवडताना विचारायचं कुणाला?

सिम घ्यायची जुनी कारणं

आपल्याकडे नेटवर्क निवडायची कारणं दर काही वर्षांनी बदलत आलीयत. ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. तेव्हा फोन असणं हेच पुरेसं होतं, रेंज वगैरे नंतरची गोष्ट. २००३ पर्यंत तर इनकमिंगलाही पैसे पडायचे. त्यामुळे आलेला कॉल कट करून पीसीओवरून उलट फोन करणारे महाभाग आपल्या प्रत्येकाच्या घरात होऊन गेले.

मग आला ऑफर्सचा जमाना. मित्रांचा ग्रुप ज्या कंपनीवर, त्याच कंपनीचं सिम, कारण आपसात कॉल स्वस्त. कुणी रात्रीच्या फुकट कॉलसाठी सिम घेतलं, कुणी फुकट एसएमएससाठी. कुणी निव्वळ जाहिरातीतल्या त्या गोड पग कुत्र्यासाठी! २०१० च्या आसपास मुंबईसारख्या शहरात डझनभर कंपन्या रांगेत उभ्या होत्या. आज त्यातल्या बहुतेकांचा पत्ता नाही. बीपीएलचं लूप झालं आणि २०१४ मध्ये लूपही बंद पडलं. ऑरेंजचं हच झालं, हचचं व्होडाफोन झालं, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडियाचं लग्न लागलं आणि २०२० मध्ये त्या जोडप्याचं व्हीआय असं बारसं झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचे भाव असे काही कोसळले, की बाकीच्या अनेकांनी दुकानंच आवरली.

आता उरल्यात खासगी तीन आणि सरकारी एक. मुंबईकरांसाठी एमटीएनएलचं नाव अजून आहे, एवढंच. आणि गंमत बघा, आता कॉल सगळीकडे अनलिमिटेड. प्लॅनमध्ये थोडं इकडे, थोडं तिकडे, बस्स! ग्रुपसाठी एकच कंपनी घ्यायची गरज उरलेली नाही, रात्रीच्या फुकट कॉलचं कौतुक संपलं. सिम घ्यायची जुनी कारणं एकामागून एक निकालात निघाली. मग फरक उरला कशात? फक्त रेंजमध्ये. आणि नेमकी तीच गोष्ट आपण कधी तपासून घेत नाही. दहा हजारांचे बूट घालून दुकानात चालून बघतो, पण ज्या नंबरवर बँक, बॉस आणि बाबा तिघेही अवलंबून आहेत तो मात्र ‘मित्र म्हणाला’ म्हणून!

एकच कंपनी, दोन तऱ्हा

‘पण पुण्यात माझ्या बहिणीकडे हेच नेटवर्क मस्त चालतं!’ हे वाक्य ऐकलंय ना? चालत असेल. कारण मोबाईलच्या दुनियेत मुंबई आणि पुणे हे शेजारी नाहीत, वेगळी राज्यं आहेत. सरकारने देशाचे २२ सर्कल पाडलेत. त्यात मुंबई हे एक आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, लिलावात सर्कलनुसार विकल्या जातात. त्यामुळे एखाद्या कंपनीकडे एका सर्कलमध्ये भरपूर लहरी असतात आणि शेजारच्या सर्कलमध्ये बेताच्याच. नाव एकच, लोगो एकच, पण तब्येत वेगळी.

शिवाय लहरी-लहरींतही फरक. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी म्हणजे आपल्या घरातल्या आजीसारख्या. सावकाश, पण दूरवर पोचणाऱ्या आणि भिंतीतून आत येणाऱ्या. १८०० आणि २१०० ची मंडळी मधल्या फळीतली. आणि फाइव्ह-जीसाठी वापरतात ती ३३०० मेगाहर्ट्झची लहर म्हणजे कॉलेजातला धावपटू! वेग भन्नाट, पण दम कमी. दोन भिंती मध्ये आल्या की बसला खाली. जिओने २०२२ च्या लिलावात देशभरासाठी ७०० मेगाहर्ट्झ घेतलं ते याच कारणाने, आत पोचायला. म्हणूनच गेटवर फाइव्ह-जीचा स्पीड बघून खूश झालेला माणूस बेडरूममध्ये आल्यावर व्हॉट्सअ‍ॅपच्या एका टिककडे बघत बसतो.

आणि आपली घरं? आरसीसीच्या जाड भिंती, वर लोखंडी ग्रिल. ऑफिस तर उन्हाळा बाहेर ठेवणाऱ्या चकचकीत काचेचं. ती काच ऊन अडवते, त्याबरोबर सिग्नलही अडवते. लिफ्ट म्हणजे स्टीलचा डबा, बेसमेंट पार्किंग म्हणजे चक्क तळघर. मुंबईच्या भुयारी मेट्रो तीनचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तेव्हा गारेगार डब्याइतकीच चर्चा खाली फोन लागत नाही याची झाली. जमिनीखाली बाहेरचा टॉवर काय करणार? तिथे स्टेशनच्या आतच यंत्रणा बसवावी लागते. कोकण रेल्वेवरचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा असो की आपला खंडाळ्याचा घाट, डोंगराने कुठल्याच कंपनीशी करार केलेला नाही.

‘आम्ही चौदाव्या मजल्यावर, आम्हाला काय प्रॉब्लेम?’ असं वाटत असेल तर जरा थांबा. टॉवरच्या अँटेना खाली, रस्त्याकडे झुकवलेल्या असतात. माणसं तिथे असतात ना! त्यामुळे उंच मजल्यावर जवळचा टॉवर पायाखालून जातो आणि लांबलांबचे पाचसहा टॉवर एकदम दिसायला लागतात. फोन बिचारा गोंधळतो. उपवर मुलीला एकदम सहा स्थळं आली की होतं ना, तसंच.

दांड्या मोजू नका

आता सगळ्यात मोठा गैरसमज. स्क्रीनवरच्या त्या चार-पाच दांड्या. त्या फुल दिसल्या की आपल्याला वाटतं, वा, काय रेंज आहे! पण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याचं कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. प्रत्येक फोनवाला आपापल्या मनाने दांड्या काढतो. २०१० मध्ये आयफोन फोरच्या वेळी अ‍ॅपलने जाहीरच केलं होतं, की दांड्या दाखवायचं आपलं गणितच चुकलं होतं आणि फोन असायला हव्यात त्यापेक्षा जास्त दांड्या दाखवत होता. घ्या! म्हणजे दोन कंपन्यांची तुलना दोन वेगळ्या फोनच्या दांड्यांवरून करणं म्हणजे दोन वेगळ्या टेलरच्या टेपने उंची मोजण्यासारखं.

खरा आकडा फोनच्या पोटात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि मग ‘सिम स्टेटस’ असं गेलात की सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते. आयफोनवाल्यांनी *३००१#१२३४५#* डायल करून बघावं. आकडा उणे असतो आणि पुढे ‘डीबीएम’ लिहिलेलं असतं. घाबरू नका, गणित सोपं आहे. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. फोर-जीवर उणे ९० च्या आत असेल तर मजा. उणे १०५ पर्यंत काम भागतं. उणे ११० च्या पलीकडे गेलात की ‘हॅलो हॅलो’ सुरू. आणि हा आकडा फसवा असतो हं! उणे ८५ आणि उणे १०५ यांच्यात फरक वीसचाच दिसतो, पण प्रत्यक्षात सिग्नल शंभर पटीने कमी झालेला असतो.

आता कुणी म्हणेल, ‘माझा आकडा झकास, दांड्या फुल, तरी नेट चालत नाही!’ ही आपल्या शीर्षकाची केस. संध्याकाळी सहा पन्नासला दादरच्या पुलावर उभे राहून बघा. टॉवर डोक्यावर असतो, पण त्याच टॉवरवर त्या क्षणी हजारो जण तुटून पडलेले असतात. कुणी रील बघतोय, कुणी यूपीआयने वडापावचे पैसे देतोय. रस्ता आठ पदरी आहे, पण ट्रॅफिक जॅम आहे! रेंज म्हणजे रस्ता तुमच्या दारापर्यंत आलाय का. आणि क्षमता म्हणजे त्या रस्त्यावर जागा आहे का. नेटवर्क निवडताना या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. सकाळी अकरा वाजता घेतलेली स्पीड टेस्ट रात्री दहाचं काहीही सांगत नाही.

नॉट रीचेबल

इथपर्यंत गंमत ठीक आहे. पण हा विषय केवळ रील अडकण्याचा नाही.

ओळखीतली एक मुलगी. आयटीत. वाकडला नव्या टॉवरमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला. बाराव्या मजल्यावर, समोर डोंगर, खाली जिम, सगळं टापटीप. आत रेंज जेमतेम होती, पण तिला ते कधी जाणवलंच नाही. घरात वाय-फाय होतं, मीटिंगा त्यावर, मित्रमैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर, जेवण अ‍ॅपवर. साधा फोन करतं कोण हल्ली?

साधा फोन करतात ते आईबाबांचे शेजारी. सांगलीला एका रात्री दीड वाजता तिच्या बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आईने शेजारच्या काकांना उठवलं. काकांनी गाडी काढली आणि एकीकडे हिला फोन लावत राहिले. ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती...’ एकदा, दोनदा, नऊदा. काका व्हॉट्सअ‍ॅप कॉलवाले नव्हेत. सकाळी साडेआठला ही लिफ्टमधून खाली उतरली, पार्किंगमधून बाहेर आली आणि एकामागून एक मिस्ड कॉलचे मेसेज धडाधड येऊन पडले.

बाबा वाचले. वेळेत पोचवलं काकांनी. पण ती नंतर एवढंच म्हणाली, ‘आई रात्रभर एकटी बाकड्यावर बसली होती. मला रेंज नव्हती, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?’

पुढची गोष्ट अजून चटका लावणारी आहे. उपाय तिच्या फोनमध्येच होता. सेटिंग्जमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ नावाचं एक बटण असतं. ते चालू केलं, की टॉवर पोचत नसला तरी घरच्या वाय-फायवरून साधा कॉल येतो-जातो. समोरच्याला काही कळतही नाही, वेगळं अ‍ॅप लागत नाही. २०१९ च्या अखेरीपासून आपल्याकडे ही सोय आहे. पण हे बटण आहे, हे सांगतं कोण?

परीक्षा घ्या, पण तुमच्या जागेवर

आता मुद्द्याचं. नेटवर्कची मुलाखत घ्यायची असते, जशी एचआर आपली घेते. एक कागद घ्या. त्यावर तुमच्या आयुष्यातल्या सहा जागा लिहा. झोपता तिथे उशाशी. घरून काम करता ते टेबल. बिल्डिंगचं पार्किंग. जायचा-यायचा रस्ता किंवा लोकल. ऑफिसातलं डेस्क आणि ती एक कोपऱ्यातली मीटिंग रूम. आणि सहावी जागा म्हणजे गाव, जिथे तुम्ही गणपतीत, दिवाळीत जाता. झालं तुमचं कव्हरेज एरिया! बाकी देशात कुणाचे किती टॉवर आहेत याच्याशी तुम्हाला काय देणंघेणं?

पहिली चाळणी घरबसल्या. ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. कुठे टू-जी, कुठे फोर-जी, कुठे फाइव्ह-जी ते रंगांत दिसतं. आपला पत्ता टाकून बघा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आसपासचे टॉवरही बघता येतात. पण लक्षात ठेवा, नकाशा रस्त्यापर्यंतचं सांगतो. तुमच्या किचनची भिंत त्याला दिसत नाही.

दुसरी चाळणी, शेजारी. मित्र नाही, शेजारी! त्याच विंगमधला, त्याच बाजूचा, शक्यतो वरच्या किंवा खालच्या मजल्यावरचा. वॉचमनला विचारा. घरी पाहुणे आले की चहा देताना हळूच विचारा, ‘तुमचं कुठलं हो? इथे लागतंय?’ फुकटचा सर्व्हे.

एक छोटी युक्ती सांगून ठेवतो. तुमची रेंज गेली की फोन काय म्हणतो ते नीट वाचा. ‘नो सर्व्हिस’ म्हणत असेल, तर फोनला तिथे कुणाचाच सिग्नल सापडत नाहीये. पण ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ म्हणत असेल, तर तिथे दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा टॉवर पोचतोय! ११२ सारखा आपत्कालीन कॉल कुठल्याही उपलब्ध नेटवर्कवरून जातो, म्हणून फोन तसं म्हणतो. म्हणजे तुमच्या घरात रेंज आहे, फक्त तुमची नाही.

तिसरी चाळणी खरी. मुख्य नंबर पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम घ्या आणि महिनाभर दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. ई-सिम चालत असेल तर अजून सोपं. मग सहाही जागी तीन वेळा तपासा. सकाळी निघताना, संध्याकाळी परतताना, आणि रात्री दहाला, जेव्हा अख्खी बिल्डिंग सिरीज बघत असते. नुसती स्पीड टेस्ट नको. कॉल लावा आणि पाच मिनिटं बोला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन तासभर उशाशी नुसता पडू द्या आणि मग कुणाला तरी कॉल करायला सांगा. आपण लावलेला कॉल लागतो आणि आलेला कॉल पोचत नाही, हा अनुभव फार जणांना येतो. बँकेचा ओटीपी किती वेळात येतो तेही बघा. तीन मिनिटांच्या ओटीपीला चार मिनिटं लागत असतील तर फाइव्ह-जीला काय चाटायचंय?

पोर्ट करण्याआधी

आधी जरा आपल्या हातातल्या डब्याकडे बघा. त्याच जागी, त्याच कंपनीचं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये टाकून बघा. तिथे छान चालत असेल तर दोष नेटवर्कचा नाही, तुमच्या फोनचा आहे. जाड धातूचं कव्हर काढून बघा. व्होल्टे चालू आहे का बघा. सिम फार जुनं असेल तर बदलून घ्या. फाइव्ह-जी सारखं येत-जात असेल तर काही दिवस फोन फोर-जीवर ठेवा. बॅटरीही वाचेल, कारण रेंज शोधण्यात फोन जितका धापा टाकतो तितका तो रील दाखवतानाही टाकत नाही.

‘बूस्टर लावून देतो साहेब, पाच दांड्या गॅरंटी!’ असं कुणी म्हणालं तर त्याला लांबूनच नमस्कार. परवानगीशिवाय खासगी बूस्टर लावणं बेकायदा आहे. शिवाय तुमच्या घरातल्या बूस्टरमुळे आजूबाजूच्या शंभर घरांची रेंज बिघडू शकते. सोसायटीत रेंजच नसेल तर सरळ मार्ग म्हणजे सेक्रेटरीने कंपनीला पत्र देऊन इमारतीच्या आत यंत्रणा बसवून मागणं. इथे एक विनोद ठरलेला. वार्षिक सभेत जे काका ‘गच्चीवर टॉवर नको’ म्हणून टेबल बडवतात, तेच चहाच्या वेळी ‘रेंज नाही हो’ म्हणून कुरकुरतात! भीती समजू शकते. पण टॉवरच्या उत्सर्जनाची आपल्याकडची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. आणि टॉवर जितका दूर, तितका कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो, हेही त्या काकांना सांगायला हरकत नाही.

तक्रार करायची तर आधी कंपनीकडे करा, नंबर लिहून ठेवा आणि दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपिलात जा. ‘ट्राय’ एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. कॉल ड्रॉपची भरपाई? ती आशा सोडा. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम ‘ट्राय’ने २०१५ मध्ये केला होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा कुणी आपले पैसे परत देईल याची वाट बघण्यापेक्षा पायांनी मत द्यायचं, म्हणजे पोर्ट करायचं!

हा हक्क आपल्याला देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. पद्धत सोपी. PORT हा शब्द इंग्रजीत कसा लिहायचा ते तुम्हाला माहीतच आहे. तो, मग एक जागा सोडून तुमचा नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामकाजाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये जात असाल तर पाच. अटी मोजक्याच. सध्याच्या नेटवर्कवर ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबायचं. कंपनीच्या नावावरचा नंबर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं.

आणि यातला ९० दिवसांचा आकडा नीट लक्षात घ्या. घाईत पोर्ट केलंत आणि नवं नेटवर्क बेडरूममध्ये चालेना, तर तीन महिने सुटका नाही. म्हणूनच ती आधीची महिनाभराची परीक्षा. पोर्टिंगच्या दिवशी नंबर काही तास बंद राहू शकतो. तेव्हा पगाराचा दिवस, फ्लाइटचा दिवस आणि इंटरव्ह्यूचा दिवस सोडून मुहूर्त काढा.

दोन सिम, दोन कंपन्या

सहाही जागी एकच कंपनी पास झाली तर तुम्ही नशीबवान. बहुतेकांचं तसं होत नाही. घरी एक चालतं, गावी दुसरं. मग एवढंच करा, फोनमधली दोन सिम एकाच कंपनीची ठेवू नका. जिथे एक नापास होतं तिथे दुसरं पास व्हायला हवं. दुसरीकडे डेटाचीही गरज नाही. ‘ट्राय’च्या सांगण्यावरून २०२५ च्या सुरुवातीला कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणलेत. बँक आणि घर यांच्याकडे असलेला नंबर कुठला, तर जो उशाशी लागतो तो.

आणि आईबाबांचं सिम निवडताना तुमच्या घरची रेंज बघू नका, त्यांच्या घरची बघा. दिवाळीत जाल तेव्हा त्यांच्या देवघरात, स्वयंपाकघरात, मागच्या पडवीत फोन घेऊन फिरा. त्यांच्या फोनमध्येही ते वाय-फाय कॉलिंगचं बटण शोधून द्या. शेजारच्या काकांना तुमचे दोन्ही नंबर लिहून द्या, मोठ्या अक्षरांत, कागदावर. भिंतीला चिकटवलेल्या कागदाला रेंज लागत नाही.

तर पुढच्या वेळी टपरीवर कुणी विचारलं, ‘बेस्ट नेटवर्क कुठलं रे?’ तर उत्तर देऊ नका. उलटा प्रश्न विचारा, ‘तू झोपतोस कुठे?’ लोक दचकतील. पण बॉस, प्रश्न बरोबर आहे!